उसना आवाज, भाड्याची पुस्तके

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयातून श्राव्य पुस्तक नेणारा वाचक निवेदकाच्या आवाजाला दाद देतो वा नावे ठेवतो. आणि पुढच्या पुस्तकासाठी प्रतीक्षायादीत ताटकळतो. ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ खर्च नाही. मग रांग कशासाठी? बहुतेकदा करारच तसा असतो: एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक आणि अनेक करारांत मुदत संपताच पुन्हा पैसे. विकलेल्या छापील प्रतीच्या पुनर्विक्रीची किंमत प्रकाशक ठरवू शकत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली दिला. डिजिटल श्राव्य पुस्तकाची मात्र बहुधा विक्रीच होत नाही. लेखक-निवेदकांना मोबदला मिळालाच पाहिजे; परंतु जनतेच्या करावर चालणारी संस्था कायमची भाडेकरू का राहावी? श्राव्य पुस्तके विकत घेऊन जतन करण्याचा हक्क ग्रंथालयांना कायद्यानेच दिला पाहिजे.