दमलेला शिक्षक आणि ‘ढ’ ठरविलेला वर्ग

परीक्षांचे निकाल जाहीर झाले की दरवर्षी एक ठरावीक खटला उभा राहतो. वृत्तपत्रे शिक्षकांच्या कामचुकारपणावर ताशेरे ओढतात, शिक्षक मुलांच्या मठ्ठपणाकडे बोट दाखवितात आणि अधिकारी दोघांच्याही नावे कारणे दाखवा नोटिसा काढून मोकळे होतात. या खटल्यात शासनाच्या शैक्षणिक धोरणाला मात्र कधीही साक्षीस बोलाविले जात नाही. छत्तीसगढच्या राजधानीत, रायपूरच्या तात्यापारा भागात उभे राहून पाहिले, तर ही साक्ष किती महत्त्वाची आहे हे ध्यानात येते.

छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे वस्ती. आमापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा यांच्या शेजारचा तात्यापारा हा रायपुरातील जुन्या मराठी वस्तीचा भाग. नागपूरकर भोसल्यांच्या कारभाराबरोबर या मुलखात मराठी कुटुंबे आली. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले. कुटुंबे मात्र येथेच राहिली आणि कारकुनी, वकिली व शिक्षकी या पेशांत स्थिरावली. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे याच परंपरेतले. रायपुरातील एक सरकारी शाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. शाळा ही आपली संस्था आहे, असे मानणारा हा समाज होता. आज देशातील प्रत्येक शहराप्रमाणे येथेही मध्यमवर्गाने आपली मुले सरकारी शाळेतून काढून घेतली आहेत. सरकारी शाळेच्या बाकांवर उरली आहेत ती या घरांतून धुणीभांडी करणाऱ्या बायांची, हमालांची, रिक्षावाल्यांची आणि बांधकाम मजुरांची मुले.

या मुलांना ‘ढ’ म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. ब्राह्मी लिपीपासून आजतागायत ज्याचे वळण जवळजवळ बदलले नाही ते अक्षर म्हणजे ढ. म्हणून न सुधारणाऱ्या विद्यार्थ्याला मराठी शाळेने हे नाव दिले, असे सांगितले जाते. परंतु या वर्गातील मुलांचे वास्तव काय आहे? घरी बोलली जाते छत्तीसगढी. २००७ मध्ये या भाषेला राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी पाठ्यपुस्तक हिंदीत असते आणि प्रतिष्ठा इंग्रजीला असते. खरीप संपला की छत्तीसगढच्या खेड्यांतील हजारो कुटुंबे वीटभट्ट्यांवर परप्रांतांत जातात आणि त्यांच्याबरोबर मुलांची शाळाही सुटते. शहरातील थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते. थोरला मुलगा चहाच्या टपरीवर उभा असतो. अशी मुले वर्गात येतात तेव्हा एकाच बाकावर अक्षरओळख नसलेला आणि अपूर्णांक सोडविणारा असे दोघे शेजारी बसलेले असतात. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी केवळ ४४.८ टक्के मुले दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचू शकतात. निम्म्याहून अधिक वर्ग मागे असेल, तर त्याला मुलांचा मठ्ठपणा म्हणणे ही निव्वळ फसवणूक होय.

आता या वर्गासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाकडे पाहू. तो दमलेला आहे, चिडचिडा झाला आहे, नव्या प्रशिक्षणाचे नाव काढले तरी कपाळाला आठ्या घालतो, हे खरे आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु हा थकवा त्याच्या स्वभावातून आलेला नाही. १९९० च्या दशकात अविभाजित मध्य प्रदेशात नियमित शिक्षकांचे संवर्ग ‘मृत संवर्ग’ म्हणून घोषित झाले. त्यांच्या जागी पंचायती व नगरपालिका यांच्यामार्फत तुटपुंज्या मानधनावर ‘शिक्षाकर्मी’ नेमण्याची पद्धत रूढ झाली. शिकविण्याचे काम तेच, वर्गही तोच. वेतन, निवृत्तिवेतन आणि मान यांत मात्र जमीनअस्मानाचा फरक. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले, तेव्हा हा वारसाही नव्या राज्याकडे आला. वर्षानुवर्षे ज्याला आपण शिक्षक आहोत की कंत्राटी मजूर आहोत हेच समजू दिले गेले नाही, त्याच्याकडून राष्ट्र घडविण्याची अपेक्षा मात्र प्रत्येक शिक्षक दिनी केली गेली.

हा अन्याय निमूटपणे सोसला गेला नाही. २० नोव्हेंबर २०१७ पासून राज्यातील दीड लाखाहून अधिक शिक्षाकर्मींनी संप पुकारला. नेत्यांची धरपकड झाली, बडतर्फीचे आदेश निघाले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संप मागे घ्यावा लागला. तरीही त्या संपाचा दाब वाया गेला नाही. २०१८ मध्ये आठ वर्षे सेवा झालेल्यांना शिक्षण विभागात सामावून घेण्याचा निर्णय झाला आणि पुढे नोव्हेंबर २०२० पासून दोन वर्षे सेवा झालेल्यांचा समावेश झाला. लढल्याशिवाय काहीही मिळत नाही, ही गोष्ट येथे पुन्हा सिद्ध झाली.

तथापि अनिश्चिततेचे चक्र थांबलेले नाही. प्राथमिक शिक्षकपदासाठी बी.एड. पदवी ग्राह्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. भरतीचे नियम शासनाने केले, परंतु फळ भोगले तरुणांनी. २०२४ च्या अखेरीपासून छत्तीसगढमध्ये अडीच हजारांहून अधिक सहायक शिक्षक सेवेतून काढले गेले. त्यांनी अनेक महिने आंदोलन केल्यावर एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २,६२१ जणांना विज्ञान प्रयोगशाळेतील सहायक शिक्षकपदावर सामावून घेण्याचे ठरविले. त्याच वर्षी ‘युक्तियुक्तकरण’ या गोंडस नावाखाली दहा हजारांहून अधिक शाळांचे विलीनीकरण झाले. त्यांतील बहुतेक शाळा एकाच आवारातील होत्या आणि शिक्षक नसलेल्या शाळांना शिक्षक मिळावा हा हेतू होता, असे शासन सांगते. शिक्षक नसलेली शाळा असू नये याबद्दल कोणाचेही दुमत नाही. परंतु साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेत पाच इयत्तांना मुख्याध्यापक धरून दोनच शिक्षक, हे सूत्र ज्या वर्गात प्रत्येक मुलाची पातळी वेगळी आहे त्या वर्गाला लावणे म्हणजे मागे पडलेल्या मुलाला कायमचे मागे ठेवणे होय.

त्यात भर पडते ती बिनशैक्षणिक कामांची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम स्पष्ट आहे: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य कामांस शिक्षकांना जुंपता येणार नाही. व्यवहारात या अपवादांचाच नियम झाला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये छत्तीसगढसह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली आणि शाळा ऐन सत्रात असताना शिक्षक घरोघर अर्ज वाटत फिरू लागले. त्याच महिन्यात शाळेभोवतालच्या भटक्या कुत्र्यांची माहिती स्थानिक यंत्रणेस कळविण्याची जबाबदारीही छत्तीसगढच्या शाळाप्रमुखांवर टाकण्यात आली. ज्याला वाचता न येणाऱ्या मुलाजवळ बसायला वीस मिनिटे मिळत नाहीत, तो शिक्षक थकणार नाही तर काय होईल?

शिक्षकाच्या या झिजण्याचे एक मोठे उदाहरण याच भूमीत आहे. मराठी घरात जन्मलेले आणि हिंदीचे श्रेष्ठ कवी झालेले गजानन माधव मुक्तिबोध यांनी शिक्षकी, पत्रकारी आणि पुन्हा शिक्षकी अशा तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्यांत उमेदीची वर्षे घालविली. मराठी वाचक त्यांना शरच्चंद्र मुक्तिबोधांचे वडील बंधू म्हणूनही ओळखतो. १९५८ पासून ते रायपूरजवळच्या राजनांदगावी महाविद्यालयात शिकवीत होते. ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे त्यांचे पाठ्यपुस्तक १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने बंदी घालून काढून टाकले. ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, दीर्घ आजारानंतर त्यांचे निधन झाले. पहिला कवितासंग्रह त्यांच्या पश्चात निघाला. आज राजनांदगावात त्यांचे स्मारक आहे. जिवंत शिक्षकाला पगार, वेळ आणि विचारस्वातंत्र्य नाकारायचे आणि मृत शिक्षकाचे पुतळे उभारायचे, हा राज्यकर्त्यांचा जुना रिवाज आहे.

चित्रपटांनी या प्रश्नावर आपला एक तोडगा लोकप्रिय केला आहे. एक अवलिया शिक्षक येतो, उनाड मुलांची मने जिंकतो आणि वर्षअखेरीस सारा वर्ग उत्तीर्ण होतो. अशा शिक्षकांविषयी आदर असावा, परंतु धोरण त्यांच्या भरवशावर चालत नाही. यादवी युद्धानंतर निराधार व गुन्हेगार ठरलेल्या मुलांसाठी १९२० मध्ये युक्रेनातील पोल्टाव्हाजवळ गॉर्की वसाहत उभारणाऱ्या अंतोन माकारेंको यांचे उदाहरण आपल्या चळवळीत पुष्कळदा दिले जाते. त्यांचा अनुभव नेमका उलट गोष्ट सांगतो. तेथे मुलांचे गट शेती, सुतारकाम आणि व्यवस्था यांच्या जबाबदाऱ्या स्वतः वाहत. विश्वास समूहावर होता, एकट्या गुरूच्या जादूवर नव्हता. आणि त्या माकारेंकोंनाही शिक्षण खात्यातील टीकाकारांशी झगडून अखेर १९२८ मध्ये ती वसाहत सोडावी लागली. एकटा शिक्षक, तो कितीही थोर असो, नोकरशाहीपुढे थकतोच.

महाराष्ट्रातील साथींनी हा दूरदेशीचा प्रश्न समजू नये. शिक्षणसेवक ही शिक्षाकर्मीचीच सख्खी बहीण आहे. २०२३ मध्ये वाढ झाल्यानंतरही प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा १६,००० रुपये ठरले. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. ५ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील शिक्षक त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. वीस वर्षे शिकविणारा शिक्षक आज स्वतःच ‘नापास’ होण्याच्या धास्तीत वर्गात उभा आहे. मुलाच्या कपाळी लावलेला ‘ढ’चा शिक्का आता शिक्षकाच्याही कपाळी येत आहे.

येथेच शिक्षक चळवळीने एका कटू सत्याला सामोरे गेले पाहिजे. २०१७ च्या संपात शाळांना टाळे लागले, तेव्हा ज्यांच्या मुलांची शाळा बुडाली ते श्रमिक पालक मोठ्या संख्येने शिक्षकांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. शासनाला पालक व शिक्षक यांच्यात फूट पाडणे सोपे गेले. धरण्याची जागाही आता बूढातालाबाशेजारून हलवून शहरापासून दूर, नवा रायपूरच्या तूता येथे नेली आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला शिक्षकांचे गाऱ्हाणे कानावरही पडू नये, अशीच ही व्यवस्था. वेतनाच्या मागणीइतक्याच ठामपणे मुलाच्या वाचनाची मागणी संघटनेच्या निवेदनात आली, तरच ही तटबंदी फुटेल. आपल्या मुलाला अक्षर का येत नाही, हा आईचा प्रश्न शिक्षकाला अपमान वाटता कामा नये. तो त्याच्या लढ्यातील सर्वांत बळकट प्रश्न आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्राथमिक शाळेत इयत्तेगणिक शिक्षक असावा आणि रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्यात. मागे पडलेल्या मुलांसाठी वेळापत्रकातच स्वतंत्र तास आणि त्यासाठी जादा शिक्षक असावा. पहिल्या इयत्तांत मुलाच्या घरच्या भाषेला, रायपुरात छत्तीसगढीला, वर्गात मानाचे स्थान असावे. स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या प्रवेशाची व अभ्यासाची नोंद त्यांच्याबरोबर जावी. निवडणूक कार्यालयांसाठी स्वतंत्र कर्मचारी नेमावेत.

जेथे जेथे आपले साथी आहेत, तेथे शिक्षक आणि वस्तीतील पालक यांची संयुक्त बैठक जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी व्हावी. तीत पहिला विषय एकच असावा: आपल्या शाळेत कोणत्या मुलांना अजून वाचता येत नाही आणि त्यांच्याजवळ बसायला शिक्षकाला वेळ कोण देणार? या प्रश्नाचे उत्तर मागण्यासाठी पालक आणि शिक्षक एकत्र शिक्षणाधिकाऱ्याच्या दारी गेले, तर शाळेच्या लढ्यात शिक्षक एकटा राहणार नाही आणि ‘ढ’ म्हणवून घेण्याची पाळी कोणत्याही मुलावर येणार नाही.