रॅम मिक्स करा, पण आधी लेबल वाचा



कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान टाकलं की हा प्रश्न येतोच. ग्राहकाच्या जुन्या पीसीत १.५ व्होल्टची ४ जीबी रॅम आहे, आपल्याकडे १.३५ व्होल्टची पडून आहे. सोबत लावायची का?

माझं मत स्पष्ट आहे. बोर्डाला चालत असेल तर जरूर लावा. पण टेस्ट केल्याशिवाय आणि बिलावर लिहिल्याशिवाय देऊ नका.

आधी टेक्निकल भाग. साधी डीडीआर३ रॅम १.५ व्होल्टची, डीडीआर३एल १.३५ ची. डीडीआर३एल साधारणपणे १.५ वरही चालते, ती तशीच बनवलेली असते. डेस्कटॉपचा बोर्ड सगळ्या स्लॉटना एकच व्होल्टेज देतो. त्यामुळे इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनच्या पीसीत ही जोडी बहुतेक वेळा १.५ वर चालून जाते. एक १६०० ची आणि दुसरी १३३३ ची असेल, तर दोन्ही १३३३ वर चालतील. "रॅम जळेल" ही भीती इथे उगाच आहे.

उलट केस मात्र सांभाळा. सहाव्या जनरेशनचे काही बोर्ड डीडीआर३चा स्लॉट देतात, पण त्या प्रोसेसरसाठी इंटेलने १.३५ व्होल्टची डीडीआर३एलच सांगितली आहे. तिथे १.५ ची रॅम खाचेत नीट बसते, म्हणून माणूस फसतो. पीसी सुरूच होणार नाही, किंवा सुरू होऊन मध्येच हँग होईल. व्होल्टेज वाढवून चालवलीत, तर प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला धोका. डीडीआर४ चा प्रश्नच नाही, तिची खाच वेगळी असते.

आता धंद्याचं बोलू. अजिबात न चालणारी रॅम परवडली, अर्धवट चालणारी नको. न चालणारी टेबलावरच कळते. अर्धवट चालणारी ग्राहकाच्या दुकानात, मार्च एंडला, टॅलीची फाईल करप्ट करते. तो "रॅम मॅच झाली नाही" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "त्या दुकानात पीसी देऊ नका." समजा एका रॅममागे तुम्हाला २०० रुपये सुटतात. एक फेरी मारली की ते पेट्रोलमध्ये आणि पोराच्या वेळेत गेले. नाव गेलं ते वेगळंच.

म्हणून माझ्या क्लासमध्ये मी चारच गोष्टी घोकून घेतो:

१. लेबल वाचा. पीसी३ म्हणजे १.५ व्होल्ट, पीसी३एल म्हणजे १.३५.
२. बोर्डाचा मॉडेल नंबर बघून कंपनीच्या साईटवर कोणती रॅम चालते ते तपासा.
३. दोन्ही रॅम लावून मेमटेस्ट८६ चा किमान एक पूर्ण पास चालवा. वेळ लागतो, लागू द्या.
४. बिलावर लिहा: "जुन्या रॅमसोबत लावली, टेस्ट करून दिली, वॉरंटी फक्त नवीन रॅमची."

काही जण म्हणतील, एवढं लिहून दिलं तर ग्राहक घाबरेल. मला तसं वाटत नाही. शांतपणे समजावलं की ग्राहक उलट निर्धास्त होतो. आणि जोडी टेस्टमध्ये नापास झाली, तर सरळ सांगा, "दादा, ही जोडी नको, एकसारख्या दोन घ्या." एखादी विक्री जाईल, पण माणूस परत येईल.

आजच एक काम करा. ड्रॉवरमधल्या सगळ्या रॅम काढा आणि १.५ चा एक डबा, १.३५ चा दुसरा करा. अर्ध्या तासाचं काम आहे.