बाळसे काट्यावर पाहावे

मूल चार महिन्यांचे झाले की शेजारपाजारच्या बाया म्हणू लागतात, "पोर वाळलं गं, तुझं दूध पुरत नाही. बाटली लाव." सासूबाईंनाही ते पटते आणि रोजीचे पैसे पावडरच्या डब्यात जातात. पण बाळ खरेच वाळले का, हे आधी काट्यावर पाहावे.

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बहुतेक बाळांचे वजन थोडे उतरते आणि दोन आठवड्यांत भरून येते. म्हणून पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नये, मध चाटवू नये. पुढे तीन महिने बाळ रोज सुमारे २५ ते ३० ग्रॅम वाढते. नंतर हा वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. अंगावर पिणारे बाळ या काळात बाटलीच्या बाळापेक्षा सडसडीत दिसते. तो दोष नव्हे. पूर्वीचे वजनाचे तक्ते बहुतेक बाटलीवर वाढलेल्या अमेरिकन मुलांवरून केलेले होते. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने अंगावर पिणाऱ्या मुलांवरून नवे तक्ते केले. त्यांत दिल्लीची मुलेही होती. आपल्या अंगणवाडीत तेच तक्ते वापरतात.

उलट बाटलीने काय होते? डबा पुरवायचा म्हणून पाणी जास्त घातले जाते. पोट भरते, अंगी लागत नाही. बाटली नीट उकळली नाही तर हगवण लागते आणि कमावलेले वजनही जाते. बाळ अंगावर कमी ओढते, म्हणून आईचे दूधही आटते.

कामावर जाणाऱ्या आईने स्वच्छ हातांनी दूध काढून झाकून ठेवावे. थंड जागी ते चार तास टिकते. घरच्यांनी ते वाटी-चमच्याने पाजावे. सहा महिने पुरे झाल्यावर अंगावरच्या दुधाबरोबर घट्ट वरणभात, कुस्करलेली भाजी, अंडे सुरू करावे. पातळ पाण्यावर मूल भरत नाही.

मात्र दोन आठवड्यांत जन्माचे वजन भरून आले नाही, दिवसातून सहापेक्षा कमी वेळा लघवी झाली, किंवा कार्डावरची रेघ आडवी झाली वा खाली वळली, तर घरी बसू नये. लगेच दवाखाना गाठावा. डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले, तर डब्यावरच्या मापानेच द्यावे.

दर महिन्याला वजन करा. कोणी नावे ठेवली, तर त्यांना कार्ड दाखवा.