दंडारीची रात्र वायां जाते काय?

दिवाळी सरली, धानाची कापणी आटोपत आली, कीं आमच्या भंडारा जिल्ह्यांत गांवोगांव मंडई भरूं लागते. घरोघर पाहुणे येतात आणि रात्रीं दंडार किंवा नाटक उभें राहतें. दुसऱ्या दिवशीं पहिल्याच तासाला डोळे चोळणारे विद्यार्थी पाहून कित्येक पालक व शिक्षकबंधु म्हणतात, "रात्र वायां गेली!" या मताचा आदर राखूनहि आम्हांस त्याविरुद्ध चार शब्द लिहावेसे वाटतात.

दंडार म्हणजे नुसता धांगडधिंगा, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं ती जवळून पाहावी. आरंभीं गणेशस्तवन, ढोलकी, टाळ व तुणतुणें यांच्या साथीनें गाणारे, पुढें नाचत येणारीं पात्रें, स्त्रियांच्या भूमिकाहि पुरुषांच्याच. रामायण-महाभारतांतील एखादा प्रसंग घ्यावयाचा, तो पदांत गुंफावयाचा आणि मधलीं भाषणें झाडीबोलींत बरीचशीं ऐन वेळीं जुळवावयाचीं. ज्यास कथा अंतर्बाह्य ठाऊक नाहीं, त्याला हें साधणार नाहीं.

या रीतीस हलकी मानण्याचें कारण नाहीं. १८४२ च्या सुमारास कर्नाटकांतील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनीं विष्णुदास भावे यांस मराठींत तसा खेळ रचण्यास सांगितलें, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आलें. त्यांतहि पदें सूत्रधार म्हणे व पात्रें भाषणें स्वतः जुळवीत. तोच दिवस आज मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळला जातो. जी रीत सांगलीस गौरवास्पद, तिचीच बहीण आमच्या अंगणांत नाचली म्हणजे गांवढळ कां ठरावी?

दुसरा आक्षेप आमच्या ख्रिस्ती घरांतून येतो: परधर्माच्या कथा मुलांनीं कां पाहाव्या? येथें आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स आठवतात. जन्मानें इंग्रज असलेल्या या धर्मोपदेशकानें गोव्यांत प्रभु ख्रिस्ताचें चरित्र सांगितलें तें मराठी ओवींत, पुराणाच्या घाटानें. त्यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. श्रोत्यांचा कान ज्या घाटाला सरावला होता, तो त्यांनीं तुच्छ मानला नाहीं. कर्णाचें दान किंवा भरताचें बंधुप्रेम पाहून मूल स्वधर्मास पारखें होतें, असें आम्हांस कधीं आढळलें नाहीं. शेजाऱ्याचें मन कशानें हेलावतें, हें मात्र त्यास कळूं लागतें.

आमची खरी चिंता निराळी आहे: रात्र जाण्याची नव्हे, दंडारच जाण्याची. वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीभर प्रयोग करतात. त्यांचा आम्हांस अभिमानच वाटतो. २०२३ सालीं परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हां साऱ्या झाडीपट्टीची मान उंचावली. परंतु पैसे मोजून आणलेलें नाटक आणि गांवकऱ्यांनीं स्वतः उभी केलेली दंडार यांत अंतर आहे. पहिल्यांत गांव प्रेक्षक असतो, दुसरींत तोच कर्ता असतो. आंधळगांवास हें निराळें सांगावयास नको. आमचे विणकर हातमागावर कोशाचें वस्त्र विणतात. करवतकाठी लुगडें बाजारांत विकत मिळेल, पण तें विणणारा हात विकत मिळत नाहीं. एका पिढीनें धोटा खालीं ठेवला, तर पुढच्या पिढीस तो उचलणें कठीण जातें. पदांचेंहि तसेंच आहे. तीं बहुधा वृद्धांच्या मुखींच उरलीं आहेत.

म्हणून आमच्या मतें शाळेनें तीन गोष्टी कराव्या. पहिली, स्नेहसंमेलनांत एक प्रसंग दंडारीच्या रीतीनें बसवावा, आणि तो शिकविण्यास जाणत्या कलावंतांस मानधन देऊन गुरु म्हणून बोलवावें. दुसरी, विद्यार्थ्यांनीं त्यांचीं पदें उतरून घ्यावीं. तीं उतरतांना बोलीचे शब्द 'शुद्ध' करण्याच्या मोहांत आम्हीं शिक्षकांनीं पडूं नये, डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनीं झाडीबोलीची योग्यता पुरेशी दाखवून दिली आहे. तिसरी, सीतेची भूमिका मुलीनेंच करावी. जुन्या रीतींत तिला जागा नव्हती; ती दिल्यानें दंडार मोडणार नाहीं, उलट तिला निम्मे नवे कलावंत मिळतील.

राहिली झोपेची गोष्ट. मंडईच्या दुसऱ्या दिवशीं शाळा दोन तास उशिरां भरवावी, आणि रात्रीं पाहिलेल्या प्रसंगावर प्रत्येकाकडून एक पृष्ठ लिहवून घ्यावें. तें पृष्ठ वाचल्यावर रात्र वायां गेली कीं नाहीं, याचा निवाडा पालकांनींच करावा, एवढीच आमची विनंति आहे.