ओलपाडचा खटला आपण विसरलो काय?



नशेच्या प्रश्नाने आपला कामरेज परिसर अस्वस्थ आहे आणि ही अस्वस्थता रास्त आहे. दारूबंदीच्या राज्यात देशीच्या पोटल्या कुठे मिळतात हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यात आता गांजा आणि गोळ्या यांची भर पडली आहे. या पार्श्वभूमीवर आपल्या बैठकांत आणि ओट्यांवर एक मागणी ऐकू येऊ लागली आहे. नशापाणी करून जी बाई पोटातले मूल गमावते, तिच्यावर सरळ पोलिसांत गुन्हा नोंदवावा, म्हणजे इतरांना जरब बसेल, अशी ती मागणी. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. न जन्मलेल्या जिवाविषयीची हळहळ त्यामागे आहे. तरीही आमचे मत स्पष्ट आहे : ही मागणी चुकीची आहे, आणि मराठी म्हणवणाऱ्या समाजाने तर ती मुळीच उचलून धरू नये. असे का, ते सविस्तर सांगणे आमचे कर्तव्य आहे.

याचे पहिले उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. 1881 साली आपले कामरेज गायकवाड सरकारच्या नवसारी प्रांतात होते आणि ओलपाड इंग्रजांच्या सुरत जिल्ह्यात. त्या ओलपाडची विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा बालहत्येच्या आरोपाखाली सुरतच्या कोर्टात उभी राहिली. पुनर्विवाहाला समाजाची बंदी आणि पोटी मूल आलेले. त्या मुलाचा जीव घेतल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे अपिलात फाशीऐवजी जन्मठेप काळेपाणी झाले आणि शेवटी शिक्षा पाच वर्षांवर आली. पिंजऱ्यात ती एकटीच होती. त्या मुलाला बाप होता, पण त्याचे नाव कुणी विचारले नाही. तिला पुन्हा संसार करू न देणारी जातपंचायत, तिला तोंड लपवायला लावणारे आप्त, यांपैकी कुणालाही समन्स निघाले नाही.

या खटल्यावर तेव्हाच्या मराठी वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली. ‘पुणे वैभव’सारख्या पत्राने समस्त स्त्रीजातीलाच दूषणे दिली. त्याला उत्तर दिले ते वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. त्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक 1882 मध्ये पुण्यास छापले गेले. दोष एकट्या बाईच्या पदरात का, हा त्यांचा प्रश्न होता. जोतीराव फुले यांनी ताराबाईंची बाजू जाहीरपणे घेतली. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी तर त्याच्या कितीतरी आधी, 1863 मध्ये, पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. कोणत्याही विधवेने गुपचूप यावे, सुखरूप बाळंत व्हावे आणि हवे तर मूल तेथेच ठेवून जावे, अशी ती सोय होती. फासावर लटकवून जे थांबत नव्हते, ते दार उघडून थांबवता येईल, असा तो विचार होता. मराठी स्त्री-विचारातील एका पायाभूत पुस्तकामागे आपल्या सुरत जिल्ह्यातील खटला आहे, ही गोष्ट आपल्या घरांतील मुलांना कुणी सांगितली आहे काय?

कुणी म्हणेल, तो खटला जन्मलेल्या मुलाच्या हत्येचा होता; येथे प्रश्न नशेचा आणि पोटातच गेलेल्या गर्भाचा आहे. तफावत आहे, हे मान्य. म्हणून नेमका हाच प्रयोग जेथे झाला, त्या अमेरिकेचा अनुभव पाहू. दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्सटन येथील वैद्यकीय विद्यापीठाच्या रुग्णालयात 1989 पासून गरोदर बायकांच्या लघवीची कोकेनसाठी तपासणी होऊन निष्कर्ष पोलिसांकडे जाऊ लागले. काही बाळंतिणींना बेड्या घालून नेले. पकडलेल्या स्त्रिया जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय आणि गरीब होत्या. संमतीवाचून केलेली ही पोलिसी तपासणी घटनाबाह्य आहे, असा निकाल त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये दिला. त्याच राज्यात, त्याच वर्षी, मृत मूल जन्मलेल्या रेजिना मॅकनाइट या गरीब स्त्रीला कोकेनच्या कारणावरून मनुष्यवधासाठी दोषी ठरवून प्रत्यक्ष 12 वर्षांची कैद दिली गेली. 2008 मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तिच्या वकिलाने नव्या संशोधनाचा पुरावा नीट मांडलाच नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. निकोटिन, निकृष्ट आहार, गरोदरपणी उपचार न मिळणे यांपेक्षा कोकेन गर्भाला अधिक घातक नाही, असे ते संशोधन सांगत होते. तोवर त्या बाईच्या आयुष्यातील कित्येक वर्षे तुरुंगात गेली होती. टेनेसी राज्याने तर 2014 मध्ये यासाठी खास कायदा केला. शिक्षेच्या भीतीने बायका दवाखानाच टाळू लागल्या, अशा तक्रारी वाढल्या आणि 2016 मध्ये तो कायदा मुदत न वाढवता संपू दिला गेला. तरीही 2022 च्या गर्भपातविषयक निकालानंतर तेथे असे खटले पुन्हा जोरात आहेत. बेड्यांच्या भीतीने नशा सुटल्याचे दिसत नाही. डॉक्टर मात्र तुटतो, एवढाच या सगळ्याचा धडा आहे.

वरच्या निकालातील ‘निकोटिन’ हा शब्द आपण पुन्हा वाचावा. कारण तो आपल्या घरातला आहे. आपल्या कितीतरी घरांत आजी, काकू, मावशी यांच्या उशाशी मिश्रीची डबी असे, काहींच्या अजूनही आहे. कुणी तपकीर ओढते, कुणी इथली बजर दातांना लावते. मुंबईत गरोदर स्त्रियांची पाहणी करून 2004 व 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी सुमारे 105 ग्रॅम हलकी होती आणि मृत बाळ जन्मण्याचा धोका सुमारे अडीचपट होता. आता सांगा, ‘नशेने गर्भ गेला’ म्हणून गुन्हा नोंदवायचा ठरला, तर पंचनाम्यात पहिली डबी कुणाच्या घरातली जप्त होईल? नशा दुसऱ्या वस्तीतली असली की गुन्हा आणि आपल्या माजघरातली असली की सवय, असा न्याय असू शकत नाही.

शिवाय गर्भ नेमका कशामुळे गेला, हे ठरवणार कोण? पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. पुढच्या महिन्यांत रक्तक्षय, रक्तदाब, मधुमेह, हिवताप, जंतुसंसर्ग, अशी कारणांची रांग आहे. उभ्याने बारा तास काम, नवऱ्याची मारहाण, वेळेवर न मिळालेले वाहन, हेही त्या रांगेत आहेत. यातून एकटी नशा वेगळी काढून ‘हाच पुरावा’ म्हणणे फौजदाराला सोपे वाटेल. प्रामाणिक डॉक्टर तसे म्हणणार नाही.

आता आपला कायदा काय म्हणतो ते पाहू. नशेमुळे गर्भ गेला म्हणून स्त्रीला शिक्षा करणारे स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 88 नुसार जाणूनबुजून गर्भपात घडवणे हा गुन्हा आहे आणि स्वतःचा गर्भपात करणारी स्त्रीही त्यात धरली जाते. जुन्या दंड संहितेचे कलम 312 जसेच्या तसे पुढे आले आहे. कलम 94 मध्ये मृत अर्भक गुपचूप पुरणे वा टाकणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे एखाद्याने आकसाने अर्ज दिला, तर रक्तस्रावाने खंगलेल्या बाईला ठाण्यात बोलावण्याइतकी वाट आजही मोकळी आहे. ती आणखी रुंद करू नका, एवढेच आमचे म्हणणे.

दुसऱ्या बाजूला कायद्यात शहाणपणही आहे, ते कुणी वापरत नाही. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातील कलम 64-अ नुसार, सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊ लागली, तर तिच्यावर खटला चालत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय गर्भपात कायद्यात स्त्रीचे नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला शिक्षा आहे. गर्भलिंगनिदानविरोधी 1994 च्या कायद्यात तर, बाईवर नवऱ्याने वा नातेवाइकांनी बळजबरी केली असेच न्यायालयाने प्रथम गृहीत धरावे, असे स्पष्ट लिहिले आहे. बाईच्या मागे कोण उभे असते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

मग नशा करणाऱ्या बाईला मोकळे रान द्यायचे काय? नाही. पोटली विकणाऱ्याला आणि गोळ्या पुरवणाऱ्याला धरा. तिच्या संमतीवाचून औषध पाजून गर्भ पाडणाऱ्याला कलम 89 खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तेथे तक्रार करायला कचरू नका. पण व्यसनात सापडलेल्या गरोदर बाईला हवा आहे डॉक्टर, आहार आणि विसावा.

तालुका पंचायतीपासून विधानसभेपर्यंत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण तीन गोष्टी विचाराव्यात. तालुक्यात स्त्रियांसाठी व्यसनमुक्तीची सोय कधी होणार? ममता दिवसाच्या तपासणीत मिश्री, बजर, दारू यांविषयी बाईला न दटावता विचारण्याचे प्रशिक्षण आशाताईंना मिळणार का? आणि गर्भ गेलेल्या बाईचा जबाब घेण्याआधी वैद्यकीय अहवाल मागवण्याची सूचना पोलिसांना दिली जाणार का? उत्तरे लेखी घ्यावीत.

आणि घरातले काम तर आपल्याच हाती आहे. सुनेचे मूल गेले, तर ‘तू काय खाल्लेस, काय प्यालीस’ असे विचारण्याआधी तिला दवाखान्यात न्यावे. शेजारणीच्या बाबतीत कुजबुज न करता गरज पडल्यास 108 ला फोन करावा. आणि उशाशी डबी असेल, तर ती सासू-सुनांनी मिळून आजच बाहेर टाकावी.

ओलपाडच्या त्या विधवेसाठी तेव्हा एक बुलढाण्याची बाई उभी राहिली होती. आज सुरत जिल्ह्यात राहणाऱ्या मराठी घरांनी तक्रारदारांच्या बाकावर बसावे की ताराबाईंच्या बाजूला, हे ज्याने त्याने ठरवावे. आम्ही आमची जागा ठरवली आहे.

— संपादक