कंपाउंडरची सवलत

दौंड तालुक्यातील कुरकुंभ हे गाव पूर्वी फिरंगाई देवीच्या नावाने ओळखले जाई. आज ते रसायनांच्या नावाने ओळखले जाते. सिप्ला, एमक्युअर यांसारख्या मातब्बर कंपन्या तेथील औद्योगिक वसाहतीत औषधे व त्यांची मूळ द्रव्ये बनवितात. त्याच वसाहतीतील एका कारखान्यातून फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन हस्तगत केले. तपासाचा धागा पुण्यातून निघाला आणि कुरकुंभला जाऊन पोचला. कारखान्याच्या नित्याच्या तपासणीतून तो निघाला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मेफेड्रोन हे उघड विष. त्याविषयी दुमत नाही. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते औषधाच्या वेषात येणाऱ्या मालाविषयी. वजन उतरावे, दुखावलेला स्नायुबंध लवकर भरून यावा, वार्धक्य चार पावले दूर राहावे, अशा इच्छेने पेप्टाइडांची इंजेक्शने घेण्याची लाट सुशिक्षित वर्गात आली आहे. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची लहानशी साखळी. इन्सुलिन हे त्याच कुळातले. सेमाग्लूटाइडही त्याच कुळातले. ही द्रव्ये वाईट नव्हेत. मधुमेहाच्या कित्येक रोग्यांना ती जीवनदायी आहेत. प्रश्न आहे तो ती कोणी, कोठे आणि कोणत्या नियमाखाली सिद्ध करावयाची, हा.

या प्रश्नाचे उत्तर आमच्या कायद्यात शोधू गेल्यास एक चमत्कारिक फट दिसते. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात ‘उत्पादन’ या शब्दाची व्याख्या पुष्कळ व्यापक आहे. परंतु किरकोळ विक्रीच्या नेहमीच्या व्यवहारात औषधाचे मिश्रण करून देणे तीतून वगळलेले आहे. ही सवलत त्या काळाला शोभणारी होती. दवाखान्याच्या खिडकीमागे बसलेला कंपाउंडर डॉक्टरांची चिठ्ठी वाचून लाल-पिवळे मिश्रण ढवळी, बाटलीला कागदी खुणांची पट्टी चिकटवी आणि ‘हलवून घ्या’ म्हणून बजावी. त्या गरीब माणसाकडून कारखान्याचा परवाना मागणे हास्यास्पद ठरले असते. 1948 च्या फार्मसी कायद्याने हे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे म्हणून ठरविले, आणि तेवढे पुरेसे वाटले.

परंतु पोटात घ्यावयाचे मिश्रण आणि कातडीखाली टोचावयाचे द्रव्य यांत महदंतर आहे. पोटातील आम्ल पुष्कळ दोष पचवून टाकते. सुईने आत गेलेल्या दोषाला तसा पहारेकरी भेटत नाही. त्यातून पेप्टाइड मोठे नाजूक. उष्णतेने ते बिघडते, साखळी जोडताना एखादा दुवा चुकला तर अशुद्धी शिल्लक राहते, आणि शरीर तिच्याविरुद्ध उठू शकते. टोरांटोत जानेवारी 1922 मध्ये एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले, तेव्हा अर्क अशुद्ध असल्यामुळे टोचल्या जागी गळू झाले. अर्क अधिक शुद्ध केल्यावर काही दिवसांतच गुण आला. द्रव्य तेच, अंतर होते ते शुद्धीचे. ती शुद्धी डोळ्यांनी दिसत नाही, डॉक्टरांच्याही नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये भेसळयुक्त ग्लिसरॉलने 14 रुग्णांचा बळी घेतला, तेव्हा ते देणाऱ्या डॉक्टरांना बाटलीत काय आहे हे ठाऊक नव्हते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने राज्याच्या औषध प्रशासनाची जी लक्तरे टांगली, ती या राज्याने विसरावीत इतकी जुनी नाहीत.

अमेरिकेने हा धडा जबर किमतीने घेतला. मॅसॅच्युसेट्समधील एका मिश्रणगृहाने कारखान्याच्या प्रमाणावर, पण औषधनिर्मात्याच्या परवान्यावर, पाठीच्या कण्यात टोचावयाची इंजेक्शने बनविली. ती बुरशीने दूषित निघाली, आणि 2012 मध्ये साडेसातशेंहून अधिक लोक आजारी पडून साठांहून अधिक दगावले. पुढल्याच वर्षी तेथील काँग्रेसने नवा कायदा करून एकेका रुग्णासाठी मिश्रण करणारा औषधनिर्माता आणि घाऊक इंजेक्शने करणारे केंद्र यांत भेद केला. सेमाग्लूटाइडचा तुटवडा होता तोवर मिश्रणगृहांना त्याच्या प्रती करण्यास मोकळीक राहिली. फेब्रुवारी 2025 मध्ये तुटवडा संपल्याचे जाहीर होताच ती आवरती घेण्यात आली. मधल्या काळात कुपीतून स्वतः मात्रा ओढताना पाचपट ते वीसपट औषध टोचून घेतल्याची उदाहरणे तेथील औषध प्रशासनाला जाहीर करावी लागली. बीपीसी-157 सारखी द्रव्ये त्याने 2023 मध्ये सुरक्षिततेविषयी शंका असलेल्या यादीत टाकली. त्यावर वादही माजला.

आमच्याकडे ही पायरी गाठण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सरसकट बंदी घाला असे आमचे म्हणणे नाही. तान्ह्या मुलाला बेताची मात्रा हवी असते, एखाद्याला गोळीतील रंगाचे वावडे असते. अशांसाठी मिश्रणाची सोय राहिलीच पाहिजे. आणि महाग औषधापायी माणूस आडवाटेला जातो, हेही खरे. मात्र सेमाग्लूटाइडपुरते बोलावयाचे तर त्याच्या भारतीय पेटंटाची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच होती. परवानाधारक कारखान्यांना ते बनविण्याची वाट मोकळी झाली असताना खोलीत भरलेल्या कुपीचे समर्थन कोणत्या तोंडाने करावयाचे?

तेव्हा केंद्र सरकारने 1945 च्या नियमांत दुरुस्ती करून स्पष्ट म्हणावे की, कंपाउंडरची सवलत टोचावयाच्या औषधास लागू नाही. असे मिश्रण निर्जंतुकतेची व शुद्धतेची चाचणी केलेल्या परवानाप्राप्त जागेतच, नाव असलेल्या रुग्णासाठी, चिठ्ठीवरच व्हावे. स्वतःच्या रुग्णाला औषध देणाऱ्या डॉक्टरांना विक्रीच्या परवान्यातून जी सूट आहे, तिच्या आडून दवाखान्यांत पेप्टाइडांची दुकाने थाटली जाऊ नयेत. माल कोणाकडून घेतला याची पावती त्यांनी मागताक्षणी दाखवावी. ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून घरोघर कुप्या धाडणाऱ्याला संशोधक न मानता बेकायदा औषधविक्रेता मानावे. घरच्या शीतकपाटात कोणते संशोधन चालते?

राज्य सरकारचे काम याहून साधे आणि म्हणूनच अधिक टाळले जाणारे आहे. कुरकुंभसारख्या वसाहतींतून निघणाऱ्या मूळ द्रव्याचा प्रत्येक किलो कोणत्या परवानाधारकाकडे गेला, याची वही औषध निरीक्षकाने कारखान्यात जाऊन, न कळवता, ताडून पाहावी. त्यासाठी निरीक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्या लागतील आणि प्रयोगशाळांचे अहवाल महिन्यांऐवजी दिवसांत यावे लागतील. अन्न व औषध प्रशासनाच्या मंत्र्यांनी येत्या अधिवेशनात याचा कालबद्ध कार्यक्रम सभागृहापुढे ठेवावा, आणि पुणे जिल्ह्याच्या आमदारांनी तो मागून घ्यावा.