लिथियम आणि लैंगिक तक्रारी: उंदरांवरचे प्रयोग काय सांगतात?

बायपोलर आजारावर लिथियम हे अनेक दशके वापरात असलेले, भरवशाचे औषध आहे. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉ. जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. त्याआधी त्यांनी ते गिनी पिगवर वापरून पाहिले होते. म्हणजे लिथियमची गोष्ट प्राण्यांपासूनच सुरू होते.

अपोमॉर्फिन नावाचे औषध मेंदूतील डोपामाइनच्या यंत्रणेला चालना देते. ते थोड्या मात्रेत टोचले, की नर उंदीर जांभया देतात आणि त्यांच्या लिंगाला ताठरता येते. उंदरांना बरेच दिवस लिथियम दिल्यास ही ताठरता कमी होते का, हे संशोधकांनी तपासले आहे आणि काही प्रयोगांत ती कमी झालेली आढळली आहे. ताठरतेसाठी लागणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या कामात लिथियम अडथळा आणते, असेही काही प्रयोग सुचवतात.

मग लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास होतो का? नाही. औषध टोचून आणलेली ताठरता ही शरीराची प्रतिक्रिया आहे. माणसाची इच्छा, जोडीदाराशी असलेले नाते, मनावरचा ताण यांतले काहीच त्या पिंजऱ्यात मोजले जात नाही. शिवाय उन्मादात कामेच्छा वाढते आणि नैराश्यात ती घटते. त्यामुळे उन्माद ओसरल्यावर इच्छा पूर्वीसारखी झाली, तरी ती 'कमी झाली' असे वाटू शकते. लिथियममुळे थायरॉइड मंदावले असेल, किंवा सोबत नैराश्याची वा मनोविकाराची इतर औषधे चालू असतील, तर त्यांमुळेही असा त्रास होतो.

तरीही माझ्या मते या प्रयोगांचा एक मोठा उपयोग आहे. ही तक्रार 'मनाचे खेळ' म्हणून झटकून टाकता येत नाही, हे ते दाखवतात. लिथियमच्या रुग्णाची रक्तातील पातळी, थायरॉइड आणि क्रिएटिनिन आम्ही नियमित तपासतो. लैंगिक आयुष्याबद्दलचा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. रुग्ण संकोचाने बोलत नाही, डॉक्टर घाईत विचारत नाहीत, आणि एक दिवस रुग्ण कोणालाही न सांगता गोळ्या बंद करतो. लिथियम अचानक थांबवल्यास आजार उलटण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो. न बोलण्याची ही किंमत फार मोठी आहे.

म्हणून हा प्रश्न डॉक्टरांनी प्रत्येक तपासणीत स्वतःहून विचारायला हवा. त्यांनी नाही विचारला, तर तुम्ही सांगा. 'गोळ्या सुरू झाल्यापासून इच्छा कमी झाली आहे' एवढे एक वाक्य पुरेसे आहे. पुढे थायरॉइड तपासणे, लिथियमची पातळी पाहून मात्रा ठरवणे, सोबतची औषधे बदलणे, असे बरेच मार्ग आहेत. ताठरतेची गोळी मात्र स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नका आणि लिथियमही परस्पर बंद करू नका.